दुसरं दार

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. रात्रीचे पावणेदहा वाजून गेले होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, मेल-एक्सप्रेसच्या बाजूच्या मोठ्या हॉलमध्ये, लोक बोचक्यांना आणि बॅगांना टेकून आपल्या गाडीची वाट पाहत होते. कुणी चादर अंथरून पोरांना झोपवलं होतं, कुणी डबा सोडून बसलं होतं. त्याच हॉलमध्ये दोन तरुणांनी एके-४७ रायफली काढल्या, हातबॉम्ब फेकले आणि समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडायला सुरुवात केली. त्या एका स्टेशनात ५८ माणसं मारली गेली, शंभरावर जखमी झाली.

हॉलच्या पलीकडे, लोकलच्या बाजूला, उद्घोषणेच्या केबिनमध्ये विष्णू झेंडे ड्यूटीवर होते. पहिला आवाज आला तेव्हा त्यांना तो नुसता स्फोट वाटला. मग बंदुका घेतलेली माणसं दिसली आणि प्रकार लक्षात आला. लोकल तर येतच होत्या. उतरलेली गर्दी सवयीप्रमाणे हॉलच्या दिशेनं, म्हणजे थेट गोळ्यांच्या तोंडी चालत येणार होती. झेंड्यांनी माईक हातात घेतला आणि हिंदीतून, मराठीतून तेच तेच सांगत राहिले: मेन लाइनच्या बाजूला येऊ नका, एक नंबर फलाटावरून मागच्या बाजूनं बाहेर पडा. लोक मागे वळले. त्या रात्री किती जण या आवाजामुळे घरी पोहोचले, त्याची मोजदाद कुणाला करता येणार नाही.

झेंड्यांच्या हाती शस्त्र नव्हतं. स्टेशनातून बाहेर पडायला दुसरं दार कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्यांनी वेळेवर सांगितलं. सार्वजनिक जागी हल्ला झाला तर जीव कसा वाचवायचा, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या एका गोष्टीत आहे. या प्रकरणात तो उलगडून पाहू.

फटाके वाटले

त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना होता आणि भारतानं तो जिंकला होता. दिवाळी होऊन महिनाही झाला नव्हता. त्यामुळे हल्ल्याच्या दुसऱ्या एका ठिकाणी, कुलाब्यात, आणि स्टेशनाच्या परिसरात पहिले आवाज आले तेव्हा कितीतरी लोकांना वाटलं, कुणीतरी मॅच जिंकल्याचे फटाके लावतंय. पुढे अनेकांनी हीच आठवण सांगितली: आधी फटाके वाटले.

यात त्या लोकांचं काही चुकलं नव्हतं. आपलं मन नवा आवाज ओळखीच्या आवाजाशी जुळवून पाहतं. वरात, विसर्जन, विजयाची मिरवणूक हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. रायफलीचा आवाज बहुतेकांनी सिनेमाबाहेर कधी ऐकलेला नसतो. उंच छताच्या हॉलमध्ये तर आवाज घुमतो आणि तो नेमका कुठून येतोय हेही कळत नाही. मग माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. शेजारी त्याच्याकडे बघत असतो. दोघंही जागचे हलत नाहीत, आणि सगळ्यात मोलाचे काही सेकंद तिथेच जातात.

म्हणून पहिला नियम मनाशी आधीच ठरवून ठेवायचा. बंदिस्त जागेत, म्हणजे स्टेशनात, मॉलमध्ये, नाट्यगृहात किंवा हॉटेलात, फटाक्यासारखे आवाज आले तर ते फटाके नाहीत असं धरून चालायचं. इमारतीच्या आत कुणी फटाके लावत नाही. अंदाज चुकला तर फार तर पाच मिनिटं बाहेर उभं राहावं लागेल.

पळता येत असेल तर पळा

हल्ल्याच्या वेळी काय करायचं याचं एक सोपं सूत्र ब्रिटनच्या पोलिसांनी २०१५ सालापासून घराघरांत पोहोचवलं. मराठीत सांगायचं तर: पळा, लपा, कळवा. यातला क्रम महत्त्वाचा आहे. सुरक्षित वाट असेल तर आधी पळायचं. वाट नसेल तर लपायचं. आणि धोक्यातून बाजूला झाल्यावरच कळवायचं.

पळताना सामानाचा मोह सोडायचा. पर्स, लॅपटॉप, लग्नाची खरेदी, सगळं जागेवर राहू द्यायचं. पोरांना उचलून किंवा घट्ट धरून न्यायचं. सोबतची माणसं यायला कचरत असतील तर एकदाच, ठाम आवाजात सांगायचं: ‘चला, इकडून.’ त्यांच्याशी वाद घालत थांबायचं नाही. लिफ्ट टाळून जिना धरायचा. बाहेर पडल्यावर दारातच घोळका करून उभं राहायचं नाही. मागून येणाऱ्यांची वाट अडते, आणि दारातली गर्दी हे हल्लेखोरासाठी सोपं लक्ष्य असतं. दोन-तीन इमारती ओलांडून पक्क्या आडोशामागे जायचं. जाता जाता आत येणाऱ्यांना हात करून थांबवायचं. झेंड्यांनी माईकवरून केलं तेच आपण हातानं आणि आवाजानं करू शकतो.

गर्दीत पळण्याचा एक वेगळा धोका असतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. तिथे हल्लेखोर नव्हता. अरुंद जिना, पाऊस आणि दोन्हीकडून वाढत गेलेली दाटी एवढं पुरेसं ठरलं. चेंगराचेंगरीत बहुतेक माणसं तुडवली गेल्यानं दगावतात असा समज आहे. प्रत्यक्षात छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही, म्हणून जास्त मृत्यू होतात. तेव्हा दाटीत सापडलात तर दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरायचे, म्हणजे फासळ्यांना हलायला जागा राहते. खाली पडलेली चप्पल किंवा मोबाइल घ्यायला वाकायचं नाही. लोंढ्याच्या विरुद्ध जोर लावायचा नाही. त्याच्या ओघानं जात जात तिरकं सरकत कडेला यायचं. पाय घसरून पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळून अंग मुडपून घ्यायचं, हातांनी डोकं झाकायचं.

दार लावून घेताना

सीएसटीतून निघालेले ते दोघं हल्लेखोर मागच्या गल्लीनं कामा रुग्णालयात शिरले. हे बायाबापड्यांचं आणि लेकरांचं रुग्णालय. पहिल्या मजल्यावरच्या प्रसूतिपूर्व वॉर्डात अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बाया होत्या. खिडकीतून त्यांनी खाली चाललेला गोळीबार पाहिला. इथे कुणाला पळवत नेणं शक्यच नव्हतं. कुणाचे दिवस भरले होते, कुणाला सलाइन लावलं होतं.

कुलथे सिस्टरांनी वॉर्डाची जड दारं लावून घेतली. सगळ्या बायांना आणि त्यांच्या नातलगांना वॉर्डाच्या टोकाच्या छोट्या पॅन्ट्रीत हलवलं. दिवे मालवले. बाहेर हातबॉम्बच्या आवाजानं इमारत हादरत होती. तशात एका बाईला कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब वाढलेला होता, थांबून चालणार नव्हतं. सिस्टरांनी तिला हाताला धरून, भिंतीच्या कडेकडेनं वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिकक्षात नेलं. तिथे बाळाचा जन्म झाला. वीसही बाया सुखरूप राहिल्या. पुढे कुलथे यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या रात्रीचा अनुभव मांडला.

लपण्याचं सगळं शास्त्र या प्रसंगात आहे. आपण आणि हल्लेखोर यांच्यामध्ये जितके अडथळे, तितकं बरं. दार आतून बंद करून कपाट, टेबल, खाट त्याला लावायची. दिवे आणि पंखे बंद करायचे. मोबाइल नुसता सायलेंट करून भागत नाही, शांत खोलीत त्याची थरथरही ऐकू येते; ती बंद करायची. दारासमोर आणि खिडकीसमोर बसायचं नाही, कडेच्या भिंतीला लागून खाली बसायचं. हल्लेखोरांना घाई असते. बंद दार, अंधार आणि शांतता असेल तर ते पुढे निघून जाण्याची शक्यता वाढते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. दिसू नये म्हणून घेतलेली आड वेगळी आणि गोळी अडवणारी आड वेगळी. पडदा, प्लायवूडचं पार्टिशन, प्लास्टिकची खुर्ची किंवा गाडीचा दरवाजा आपल्याला लपवतील, पण रायफलीची गोळी त्यांच्यातून सहज पार जाते. जाड विटांची भिंत, काँक्रीटचा खांब, जुन्या इमारतींतला दगडी चौथरा किंवा मोटारीच्या इंजिनाचा भाग यांच्यामागे बरंच संरक्षण मिळतं. निवड करायची वेळ आली तर अशा भक्कम वस्तूमागे जायचं. हातबॉम्ब पडला तर त्याच्यापासून दूर जाऊन पालथं जमिनीला चिकटायचं, डोकं आणि मान हातांनी झाकायची. स्फोटाचे तुकडे बहुतांशी वर आणि बाजूला उडतात.

आगीचं मात्र गणित उलटं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतल्या बहुतेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता आणि ते धुरानं गुदमरले. २६/११ च्या हल्ल्यात ताज हॉटेलमध्येही हल्लेखोरांनी आगी लावल्या होत्या. म्हणून लपलेल्या जागी धूर येऊ लागला तर तिथे थांबायचं नाही. दाराला हाताची मागची बाजू लावून ते तापलंय का पाहायचं, ओलं कापड नाकातोंडावर धरायचं आणि जमिनीलगत सरकत बाहेरची वाट गाठायची. धूर वर साचतो. श्वास घेण्याजोगी हवा खाली असते.

पळायला वाट नाही, लपायला जागा नाही आणि हल्लेखोर पुढ्यात उभा आहे, अशी वेळ आलीच तर शेवटचा उपाय प्रतिकाराचा. तो एकट्यानं करायचा नसतो. अनेकांनी एकदम, हाती लागेल ते घेऊन, मग अग्निशामक सिलिंडर असो की खुर्ची, अर्ध्यावर न थांबता करायचा. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी, सीएसटीवरच्या त्या दोघा हल्लेखोरांपैकी एक असलेल्या कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या अंगात घुसल्या, पण त्यांनी पकड सोडली नाही, आणि म्हणून सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आलं. ते पोलीस होते, त्यांनी कर्तव्य म्हणून प्राण दिला. तुमच्या-माझ्यासाठी मात्र हा मार्ग बाकी सगळ्या वाटा संपल्यावरचा आहे.

काय कळवायचं, काय नाही

बाजूला झालात की ११२ या क्रमांकावर फोन करायचा. नेमकी जागा, हल्लेखोर किती, कोणत्या दिशेनं गेले, हातात काय आहे, कपडे कसे, जखमी कुठे आहेत, एवढं सांगितलं की पुरे. बोलणं धोक्याचं असेल तर घरच्या एखाद्या माणसाला संदेश पाठवून त्याला फोन करायला सांगायचं.

याच्या पलीकडे जाऊन जे पसरवलं जातं, ते जीवघेणं ठरू शकतं. २६/११ चे तीन दिवस देशानं टीव्हीसमोर बसून काढले. तेच थेट प्रक्षेपण सीमेपलीकडे बसलेले सूत्रधारही पाहत होते आणि फोनवरून आत असलेल्या हल्लेखोरांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानं या हल्ल्याच्या खटल्यातल्या २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला आणि दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळी माहिती देईल, तेवढीच दाखवायची.

आज प्रत्येकाच्या खिशात एक वाहिनी आहे. पोलीस कुठून चढतायत, कमांडो कुठे उतरले, लोक कोणत्या खोलीत लपलेत, यांतलं काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा लाइव्ह व्हिडिओत जाता कामा नये. आत अडकलेल्या ओळखीच्या माणसाला सारखे फोन करण्याचाही मोह आवरायला हवा. काळजीपोटी केलेली एक रिंग त्याची लपण्याची जागा उघडी पाडू शकते. एकच लेखी संदेश पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची.

पोलीस आले की आपले दोन्ही हात रिकामे आणि वर, त्यांना दिसतील असे ठेवायचे. हातातला मोबाइलही लांबून शस्त्रासारखा दिसू शकतो. त्यांच्या अंगावर धावत जायचं नाही. पहिली तुकडी जखमींना ओलांडून पुढे जाईल. त्यात निष्ठुरपणा नसतो. गोळीबार थांबवणं हे तिचं पहिलं काम असतं, जखमींसाठी मागून माणसं येत असतात.

बेवारस पिशवी

प्रत्येक हल्ल्यात बंदूकधारी दिसतोच असं नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली. १३ फेब्रुवारी २०१० रोजी, शनिवारच्या संध्याकाळी, पुण्याच्या कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जणांचा जीव गेला. तिथे बॉम्ब एका बॅगेत ठेवलेला होता.

म्हणून मालक जवळ नसलेली बॅग, डबा, कुकर किंवा सायकल दिसली तर आधी आजूबाजूला मोठ्यानं विचारायचं: ‘ही कुणाची आहे?’ उत्तर आलं नाही तर हात लावायचा नाही, उघडून पाहायची नाही, पायानं सरकवायची नाही, तिच्यावर पाणी किंवा वाळू टाकायची नाही. तिच्याजवळ उभं राहून मोबाइलवर बोलायचं नाही. स्वतः दूर व्हायचं, इतरांना दूर करायचं आणि मग पोलिसांना कळवायचं; रेल्वेत असाल तर १३९ वर. उभं राहताना काचेच्या दर्शनी भागासमोर राहायचं नाही. स्फोटात काचांच्या तुकड्यांनी खूप माणसं जखमी होतात.

एक स्फोट होऊन गेला म्हणजे सगळं संपलं असंही धरायचं नाही. मदतीला धावलेल्या गर्दीत दुसरा स्फोट घडवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. तेव्हा चालता येणाऱ्यांनी जागेवरून लवकर हटायचं आणि बघ्यांनी तिकडे फिरकायचंच नाही.

हाताचा दाब

गोळी किंवा स्फोटानं हातापायाची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. गर्दीत अडकलेली अँब्युलन्स तेवढ्यात पोहोचेलच याची खात्री नसते. तोवर त्याचा जीव शेजारी असणाऱ्याच्या हातात असतो.

रक्त उसळून येत असेल किंवा कपडे भिजून जमिनीवर साचत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार देऊन दाबायचं. ओढणी, टॉवेल, शर्ट, काहीही चालेल. जखम खोल असेल तर कापड तिच्यात ठासून भरायचं आणि वरून दाबत राहायचं. थांबलं का हे पाहायला सारखं उचलायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या तीन-चार बोटं वर, धडाच्या बाजूला, पण सांध्यावर नाही, कापडाची रुंद पट्टी बांधायची. तिच्या गाठीत मजबूत काठी किंवा जाड चमचा अडकवून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. हे फार दुखतं, जखमी ओरडेल, तरी सैल करायचं नाही. किती वाजता बांधलं ते लिहून ठेवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. शरीरात घुसलेला काचेचा किंवा लोखंडाचा तुकडा ओढून काढायचा नाही. पुस्तकात वाचून हे अर्धंच कळतं. प्रथमोपचाराच्या वर्गात एक दिवस घालवला तर हाताला कळतं.

शेजारचा माणूस

संकट आलं की जो तो आपापला जीव घेऊन पळतो, असं आपण ऐकत आलोय. ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांनंतर ससेक्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन ड्रुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्यांचे अनुभव गोळा केले. बोगद्यात, अंधारात, धुरात अडकलेल्या अनोळखी लोकांनी एकमेकांना धीर दिला होता, पाणी वाटलं होतं, जखमा बांधल्या होत्या. एकाच संकटात सापडल्याच्या जाणिवेनं ते एकमेकांशी बांधले गेले होते.

मुंबईला हे वेगळं सांगावं लागत नाही. ११ जुलैच्या त्या पावसाळी संध्याकाळी रुळांलगतच्या वस्त्यांमधली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली होती. त्याच चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना रस्त्यापर्यंत आणि तिथून मिळेल त्या वाहनानं रुग्णालयापर्यंत पोहोचवलं. माया तर आपल्याकडे आहेच. तिला थोड्या माहितीची जोड मिळाली, तर त्याच चादरीची एक पट्टी फाडून वाटेतच रक्त थांबवता येईल.

हे सगळं वाचून घराबाहेर पडायची भीती वाटू लागली, तर या प्रकरणाचा हेतू फसला असं होईल. अशा हल्ल्यात आपण सापडण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि सण, बाजार, प्रवास, नाटकं यांच्याशिवाय आपलं जगणं नाही. तयारी म्हणून फक्त एक लहानशी सवय पुरे. पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा खुर्चीवर बसल्यावर, तिसरी घंटा व्हायच्या आधी, एकदा मान वळवून बघा: आपण आलो त्याखेरीज दुसरं दार कोणतं? सोबत मुलं असतील तर त्यांनाच शोधायला सांगा आणि काही झालं, ताटातूट झाली, तर बाहेर कुठे भेटायचं तेही ठरवा. मंगल कार्यालयात, मॉलमध्ये, रोजच्या स्टेशनात हेच करा. दार साखळीनं बांधलेलं किंवा खुर्च्या रचून अडवलेलं दिसलं तर व्यवस्थापकाला उठवून ते मोकळं करून घ्या. त्याला थोडा त्रास होईल, पण त्या दारावर आपल्याइतकाच आपल्या मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाचाही हक्क आहे.

एवढं केलं की निवांत नाटक बघा. दिवे जातील, पडदा वर जाईल, आणि तुम्हाला दार माहीत असेल. कधी गरज पडलीच, तर ते तुम्ही इतरांनाही सांगू शकाल.